मूत्रपिंडाचे लिंग कोणते?

‘मूत्रपिंड’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, असे आम्ही तीसेक वर्षांत किती वर्गांना सांगितले असेल, त्याची गणती नाही. शस्त्रवैद्यांचा व्यवहारही बराच काळ याच व्याकरणाने चालत आला. आईचे मूत्रपिंड मुलास बसते, भावाचे बहिणीस. 1954 साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसवून या विद्येचा पाया घातला. आपल्या देशात 1971 मध्ये वेल्लोरला ती यशस्वी झाली.

जिवंत दात्याचे मूत्रपिंड जवळजवळ ताबडतोब बसवले जाते. मृत दात्याचे मात्र थंडाव्यात, रक्तावाचून, कित्येक तास राहते. रक्त थांबल्याने इजा होते हे कोणासही पटेल. परंतु रक्त पुन्हा वाहू लागताच इजा आणखी वाढते, हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही चकित झालो. दुष्काळात होरपळलेल्या रोपावर एकाएकी पाण्याचा लोंढा सोडावा, तसे काहीसे. मग नवे मूत्रपिंड काही दिवस काम करीत नाही आणि रोग्यास पुन्हा डायलिसिसवर जावे लागते.

ही इजा आधीच टाळता येईल काय? मेंदू मृत झाला की शरीरातील संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची, व्यवस्था कोलमडते. म्हणून दात्यास ती बाहेरून देण्याची रीत पडली. स्टेरॉइडवर मोठी आशा होती. परंतु युरोपातील एका चाचणीत, जिचा निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाला, दात्यास आधी स्टेरॉइड दिल्याने मूत्रपिंडाचे प्रारंभीचे अपयश कमी झाले नाही.

2016 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. रक्तावाचूनची अवस्था मादी नरापेक्षा कितीतरी चांगली सोसते, असे त्यांना आढळले. जननग्रंथी काढलेले उंदीर, नर असोत वा मादी, मधोमध राहिले. (आमच्या व्याकरणातील तिसऱ्या लिंगाची येथे आठवण झाल्यावाचून राहिली नाही.) त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. नराचे मूत्रपिंड मादीस आणि मादीचे नरास बसवून काही काळाने त्याचा रक्तपुरवठा रोखला, तेव्हा ते मूळ धन्याप्रमाणे वागले नाही, नव्या घराप्रमाणे वागले! मादीस आधी इस्ट्रोजेन दिले असता तिचे संरक्षण आणखी वाढले. नरास तेच देऊनही उपयोग झाला नाही. माणसांच्या अमेरिकन नोंदी तपासल्या, तेव्हा मूत्रपिंड उशिरा सुरू होण्याचे प्रमाण पुरुष रोग्यांत अधिक दिसले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. इस्ट्रोजेनचा हा उपचार माणसांत रूढ झालेला नाही. तरी एक विचार आमच्या मनातून जात नाही. भारतात 1995 ते 2021 या काळात मूत्रपिंड मिळालेल्यांत पाचांपैकी सुमारे चार पुरुष होते आणि जिवंत दात्यांत स्त्रियांची, बहुधा आयांची व पत्नींची, संख्या मोठी आहे. ‘तो मिळवता आहे, तू घरीच असतेस’ हे वाक्य आपल्या किती घरांत उच्चारले गेले असेल! ज्या देहात हे संप्रेरक गुण देते असे दिसते, त्या देहाच्या वाट्यास मूत्रपिंड क्वचित येते. ज्याच्या वाट्यास येते, त्याच्यासाठी वेगळे औषध शोधावे लागणार.

आणि हे इतक्या उशिरा का कळले? मादीच्या ऋतुचक्राने निष्कर्षांत घोळ होतो, या समजुतीने कित्येक दशके प्रयोगशाळांत बव्हंशी नरच वापरले गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्राण्यांवरील संशोधनात दोन्ही लिंगांचा विचार करण्याचा आग्रह धरला, तो 2016 साली.