विश्लेषण : पाणबुडीला पोलादी कड्यांचा आधार का लागतो?

सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात पर्यटक पाणबुडी आणण्याचा प्रस्ताव काही वर्षे चर्चेत आहे. परदेशांत तर हौशी कारागीर स्वतःच्या शेडमध्ये छोट्या पाणबुड्या बांधतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील लाकडी नौकेला आतून फासळ्या असतात, तशीच पाणबुडीलाही पोलादी कडी असतात. पाणबुडी माझगाव गोदीतली असो वा घरगुती, आतल्या माणसांचा जीव याच कड्यांवर अवलंबून असतो.

कड्यांची गरज काय?

समुद्रात दर १० मीटर खोलीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब वाढतो. म्हणजे १०० मीटर खोलीवर एका चौरस मीटरवर जवळपास १०० टन भार येतो. गोल नळकांडे हा भार सगळीकडे सारखा वाटून घेते. मात्र गोलाई थोडी बिघडली, की तिथेच ते आत चेपू लागते. याला ‘बकलिंग’ म्हणतात.

दोन मीटर व्यासाचे आणि १० मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादाचे लांब नळकांडे घेतले, तर केवळ धातूच्या ताकदीवर ते सुमारे २५० मीटरपर्यंत टिकायला हवे. पण आतून आधार नसेल, तर सूत्रानुसार ते साडेपाच मीटरच्या आसपासच चेपू शकते. दर अर्ध्या मीटरवर भक्कम कडे बसवले, की दोन कड्यांमधील प्लेट चेपण्याची मर्यादा कागदावर ४०० मीटरपलीकडे जाते. तेव्हा कुठे पोलादाची खरी ताकद कामी येते. अर्थात प्रत्यक्षातील सुरक्षित खोली या आकड्यांपेक्षा बरीच कमी धरावी लागते.

कडे कसे तयार होते?

बहुतेक कड्यांचा छेद इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा असतो. उभ्या भागासाठी जाड प्लेटमधून कमानीसारखे तुकडे गॅस किंवा प्लाझ्माने कापून जोडतात. आडव्या भागासाठी पोलादी पट्टी रोलिंग मशीनवर वाकवून त्याच्या कडेवर वेल्ड करतात. हे काम सपाट पोलादी टेबलावर क्लॅम्पने घट्ट आवळून केले जाते. कारण वेल्ड थंड होताना आकसते आणि कडे ओढले जाते. म्हणून एका बाजूने सलग वेल्ड न करता समोरासमोरच्या भागांत थोडेथोडे काम करतात. शेवटी केंद्रापासून अनेक ठिकाणी त्रिज्या मोजतात. गोलाईतील फरक साधारणपणे त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याच्या आत असावा, असा संकेत आहे. एक मीटर त्रिज्येच्या कड्याला ही मुभा फक्त पाच मिलिमीटर ठरते.

चूक कुठे होते?

पहिला शत्रू दमटपणा. कोकणच्या पावसाळी हवेत वेल्डिंगच्या रॉडवरील लेप ओल शोषतो. त्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी आत भेग पडू शकते. म्हणून रॉड भट्टीत तापवून वापरतात, जाड किंवा उच्च ताकदीची प्लेटही आधी गरम करतात. अशी भेग डोळ्यांना दिसेलच असे नाही, त्यासाठी अल्ट्रासोनिक किंवा क्ष-किरण तपासणी लागते. दुसरी चूक म्हणजे हलके कडे. अशा वेळी दोन कड्यांमधली प्लेट नव्हे, तर कड्यांसह सगळे नळकांडेच कोसळते. झाकणासाठी कडे कापले आणि भोवती पुरेसे मजबुतीकरण केले नाही, तरी धोका तोच.

माझगावचा अनुभव काय सांगतो?

मुंबईच्या माझगाव डॉकने जर्मन आराखड्यावर ‘शल्की’ (१९९२) आणि ‘शंकुल’ (१९९४) या पाणबुड्या बांधल्या. त्यानंतर काम थांबले आणि घडवलेले कुशल हात पांगले. स्कॉर्पिन वर्गातील ‘कलवरी’साठी पहिले पोलाद १४ डिसेंबर २००६ रोजी कापले गेले. तिचे पाच भाग जुलै २०१४ मध्ये एकत्र वेल्ड झाले आणि बरोबर ११ वर्षांनी, १४ डिसेंबर २०१७ रोजी ती नौदलात दाखल झाली. आराखडा आणि यंत्रे विकत आणता येतात, पण पाणबुडीचे वेल्ड करणारा कारागीर सतत कामानेच तयार राहतो. या वर्गातील सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. पुढच्या कामात पुन्हा मोठा खंड पडला, तर हे शिक्षण नव्याने सुरू करावे लागेल.

हौशी बांधणीने काय शिकावे?

जून २०२३ मध्ये ‘टायटॅनिक’च्या अवशेषांकडे निघालेली ‘टायटन’ फुटली आणि पाच जणांचा मृत्यू झाला. तिचे नळकांडे कार्बन फायबरचे होते आणि तिने कोणत्याही वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र घेतलेले नव्हते. साहित्य कोणतेही असो, त्रयस्थ तपासणी आणि माणसाविना दाबचाचणी यांना पर्याय नाही. कोकणच्या समुद्रात उद्या पर्यटकांसाठी पाणबुडी उतरली, तर तिकिटाच्या दराआधी विचारायचा प्रश्न हाच : तिची कडी कोणी तपासली?