लघुइंजिनाच्या चालीचा मागोवा

खऱ्या बाष्पइंजिनात शक्तीचा ओघ दट्ट्याकडून जोडदांड्याकडे आणि जोडदांड्याकडून चाकाकडे वाहतो. विजेवर चालणाऱ्या त्याच्या लघुप्रतिकृतीत मात्र हा क्रम नेमका उलटतो, म्हणजे आत दडविलेली मोटार मळसूत्री दंतचक्राच्या साह्याने चाक फिरविते आणि चाकाच्या ओढीने दांडे व दट्टे हलतात. हा उलटा व्यवहार पाहणाऱ्याच्या ध्यानी येऊ नये, इंजिन वाफेच्याच बळावर चालले आहे असा त्याचा ग्रह व्हावा, यासाठी इंग्लंडातील कारखानदारांनी आणि त्यांच्याहूनही अधिक निष्ठेने तेथील हौशी कारागिरांनी जे परिश्रम केले, त्यांचा इतिहास वेग वाढविण्याचा नसून वेग आवरण्याचा आहे.

१९३८ साली लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने ‘हॉर्नबी डब्लो’ ही गाडी बाजारात आणली. फुटास ४ मिलिमीटर हे प्रमाण, रुळांमधील १६.५ मिलिमीटरांचे अंतर आणि १२ व्होल्टांचा एकदिश प्रवाह या गोष्टी तिने घरोघरी रूढ केल्या. महायुद्धामुळे खंडित झालेला हा उद्योग पुन्हा उभा राहत असता ‘ट्रायँग’ या प्रतिस्पर्ध्याने ‘एक्स ०४’ नावाची उघड्या सांगाड्याची मोटार प्रचारात आणली. ती स्वस्त, चिवट आणि दुरुस्तीस सोपी होती. परंतु तिच्या आर्मेचरला, म्हणजे तारा गुंडाळलेल्या फिरत्या गाभ्याला, ध्रुव तीनच असल्याने चुंबकापुढून फिरताना ते प्रत्येक ध्रुवापाशी किंचित अडखळे, आणि भरवेगात झाकला जाणारा हा दोष मंद गतीत धक्क्यांच्या रूपाने उघड होई.

याचा हिशेब उद्बोधक आहे. ६ फूट ८ इंच व्यासाच्या चाकांचे इंजिन ताशी ६० मैल धावते असे धरले, तर त्याची प्रतिकृती सेकंदाला सुमारे ३५ सेंटिमीटर जाते आणि तिचे चाक मिनिटास सुमारे २५० फेरे घेते. मळसूत्राच्या एका फेऱ्यास चक्राचा एक दात सरकत असल्याने ४० दातांच्या चक्रावर त्यासाठी मोटारीला १०,००० फेरे घ्यावे लागतात. हे तिला सहज साधते. पण फलाट सोडताना ताशी ३ मैलांनी निघायचे तर तीच मोटार ५०० फेऱ्यांवर अखंड फिरली पाहिजे, आणि तिचा खरा कस तेथेच लागतो.

हौशी कारागिरांनी जे सुधारणेचे काम आरंभिले ते याच जागी. मूळ दंतचक्र काढून त्यांनी ‘रॉमफर्ड’ छापाचे ३० किंवा ४० दातांचे चक्र बसविले; दात फार घट्ट बसले तर मोटार गुदमरते आणि सैल बसले तर झिजतात, म्हणून कागदाएवढ्या फटीसाठी ते तासन् तास खपले; तीन ध्रुवांच्या जागी त्यांनी पाच ध्रुवांचे आर्मेचर घातले. जुन्या चुंबकातून आर्मेचर बाहेर काढताना त्याच्या जागी लोखंडाचा तुकडा ठेवला नाही तर चुंबकाचे बळ ओसरते, ही खबरदारी हा हुन्नर शिकणाऱ्यास प्रथम सांगितली जाई. पुढे निओडिमियमचे चुंबक मिळू लागल्यावर या जुन्या मोटारींना नवजीवन लाभले. कारण चुंबक बलवान झाला की मोटार कमी वीज घेते, तिचा अनावर वेग उतरतो आणि ओढ मात्र टिकून राहते.

कारखानदारांची वाट काही काळ निराळी होती. १९७०च्या दशकात हॉर्नबी कंपनीने मोटार टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, हलविली, त्यामुळे चालकाची कोठडी मोकळी झाली. परंतु इंजिनाने टेंडर ओढावे ते सोडून टेंडरच इंजिनास ढकलू लागले, आणि पकडीसाठी चाकांना चढविलेल्या रबरी धावा वीजग्रहणास अडथळा ठरल्या. चोखंदळ मंडळींनी स्वित्झर्लंडच्या ‘पोर्टेस्कॅप’ची लोहगाभा नसलेली मोटार पत्करली, लोखंडच नसल्याने तिच्यात अडखळणे उरले नाही. २००० साली हॉर्नबीने नव्याने घडविलेल्या ‘मर्चंट नेव्ही’ वर्गाच्या इंजिनात पाच ध्रुवांची मोटार टेंडरातून स्वस्थानी परतली.

एक उणीव मात्र निसर्गनियमातूनच उद्भवते. घर्षणाचे मान तेच धरल्यास थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून खऱ्या गाडीचे एक किलोमीटर प्रतिकृतीत सुमारे १७ सेंटिमीटर होते, जेथे प्रमाणाने १३ मीटर व्हायला हवेत. मोटारीच्या आसावर पितळी गतिचक्र चढविण्याची तजवीज याचसाठी आहे. चाकाच्या ४० पट फिरत असल्याने ते चाकाच्या आसावर साठले असते त्याच्या १,६०० पट ऊर्जा साठविते आणि रुळावरील धुळीने क्षणभर खंडलेला प्रवाह चालीत जाणवू देत नाही. अलीकडचे अंकीय नियंत्रक तर मोटारीचा पुरवठा क्षणोक्षणी थांबवून तिने उलट निर्माण केलेला विद्युद्दाब मोजतात आणि त्यावरून तिचा वेग सांभाळतात.

आज तयार इंजिन विकत घेणारा ही संथ चाल गृहीत धरतो. तिच्यामागे कानस घेऊन बसलेल्या अनामिक कारागिरांची जी धारणा आहे, ती माझ्या मते या साऱ्या कालखंडाचे सार होय: दिसणाऱ्या रंगरूपाइतकीच निष्ठा न दिसणाऱ्या यंत्रालाही वाहिली पाहिजे, कारण उभे असलेले इंजिन रंगाने खरे वाटते, चालू लागलेले केवळ चालीने.