लाल ठिपका

मे महिना. मोंढ्यातली शटरं अर्ध्यावर उतरलेली. हमाल ओट्याच्या सावलीत, तोंडावर रुमाल टाकून आडवे झालेत. पाथरीकडून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न तेवढा ऐकू येतो. पारा 42च्या पुढे.

गल्लीत वळतो. दारोदार कूलरची घरघर. ओल्या वाळ्याचा वास. पत्र्याच्या एका घराच्या भिंतीला हात टेकवतो आणि लगेच काढून घेतो.

याच घराच्या दारात एक मुलगी वही घेऊन मीटरसमोर उभी आहे. डोक्यावर ओढणी. परभणीला वसतिगृहात राहते, सुट्टीला आलीय. मीटरवर लाल ठिपका लुकलुकतो. शेजारी बारीक अक्षरात आकडा : 3200. इतक्यांदा ठिपका लुकलुकला की एक युनिट. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की जळते तेवढी वीज.

"आई, सगळं बंद कर गं."

कूलर थांबतो. पंखा रेंगाळत थांबतो. फ्रिजचा प्लग आधीच काढलाय. आतून लहान पोराची कुरकुर. आम्ही ठिपक्याकडे बघत उभे. घाम कानामागून उतरतो. दीड मिनिट जातं आणि तो लुकलुकतो. रिमोटनं बंद केलेल्या टीव्हीशेजारचा सेट-टॉप बॉक्स!

"आता पंखा लाव."

मिनिटाला चार. 75 वॅटचा जुना पंखा.

"पंखा बंद. कूलर."

आठ. ती लिहून घेते. पंखा दिवसाचे वीस तास फिरला तर महिन्याला 45 युनिट होतात. 28 वॅटचा नवा पंखा तेवढ्याच तासांत साधारण 17 घेतो. आई ओल्या हातानं बिल आणून दाखवते. 100 युनिटपर्यंत एक दर, त्यापुढे बराच चढा. तिचं बोट शंभराच्या पुढच्या आकड्यावर थांबतं. कूलर आठ आणि जुना पंखा चार, हे तिला आज पहिल्यांदाच कळतंय.

"वसतिगृहात मोजलंस?" मी विचारतो.

"तिथं मीटर एकच. कुणाचं किती, कळतच नाही. थंडीत पहाटे खोल्याखोल्यांत पाण्याचे रॉड लागतात."

1500 वॅटचा रॉड. ती वहीत गुणाकार करते : मिनिटाला 80 ठिपके. नाडीच्या ठोक्यांइतके. अशा इमारतींत मजल्यागणिक एक मीटर हवं, आणि ते जिन्यात हवं, येता-जाता दिसेल असं. कुलूपबंद खोलीतल्या आकड्यानं कुणाचा हात बटणाकडे जात नाही.

चार घरं सोडून एक माळवद उरलंय. उंबरा ओलांडताच ऊन मागे राहतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर. या थरातून ऊन खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पावसाळ्याआधी वर माती टाकायची मेहनत असते, गळती असते. 1993च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तर जड छपराची धास्तीच बसली. पत्रे आले, स्लॅब आले. ती भीती खरी होती. पण तेव्हापासून गारवा विकत घ्यावा लागतोय.

झरोक्यातून पडलेल्या उजेडात आजी वाकळ शिवतेय. डोक्यावरचा पंखा बंद.

एकाएकी बाहेरची घरघर थांबते. सगळी गल्ली मुकी. मग कड्या वाजतात, चपला वाजतात. पुठ्ठ्यानं वारा घेत दोघी-तिघी दारात येतात.

"येऊ का, आज्जी? लाईट गेली."

"गेली का? या, बसा."

मुलगीही येते. विझलेल्या मीटरसमोर तिचं काम अडलंय. उजेडाच्या तुकड्यात ती वही उघडते.

"आज्जी, लाईट आल्यावर तुमचं मीटर मोजू?"

"मोज की, माय. नऊचा एक बलप हाय. आन् पंखा, पावणे आले की."