ताटातून उचललेली डाळ

यकृताचा जुनाट आजार मेंदूपर्यंत पोचलाय, हे बहुतेक वेळा घरच्यांनाच आधी कळतं. माणूस दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा असतो. सही वाकडीतिकडी होते, शांत स्वभावाचा वसकन अंगावर येतो. चरकानेही कामलेच्या (काविळीच्या) वाईट लक्षणांत तंद्रा आणि मोह सांगितले आहेत. कारणाचा माग मात्र सेंट पीटर्सबर्गच्या कुत्र्यांपासून लागतो.

१८७७ साली निकोलाय एक या डॉक्टराने आतड्यातलं रक्त यकृताकडे नेणारी शीर कुत्र्यांमध्ये थेट पोटातल्या महाशिरेला जोडली. १८९३ मध्ये पावलोव (लाळेच्या प्रयोगांनी पुढे गाजलेले, तेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शस्त्रक्रिया पुन्हा केली. अशा कुत्र्यांना मांस दिलं की ती चिडखोर होत, पाय अडखळत, झटके येत, शेवटी शुद्ध हरपे. यकृताला वळसा घालून काहीतरी विषारी मेंदूकडे जातंय, हे दिसत होतं. मांसातल्या प्रथिनांतून तयार होणाऱ्या अमोनियाकडे बोट गेलं ते तिथूनच.

१९५४ मध्ये लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी हाच वळसा रुग्णांमध्ये नीट मांडला. मग प्रथिनं तोडा, असा नियमच झाला. कुत्र्याच्या भांड्यातून मांस गेलं, तशी माणसाच्या ताटातून डाळ गेली. आपल्याकडे तर हे चटकन पटलं. कावीळ म्हटली की उसाचा रस आणि बिनतेलाचं जेवण, हा घरोघरचा रिवाज होताच.

जवळजवळ पन्नास वर्षं या नियमाची नीट परीक्षाच झाली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. २००४ मध्ये बार्सिलोनातल्या एका छोट्या अभ्यासात गुंगीचा झटका येऊन दाखल झालेल्या काही रुग्णांना पहिल्या दिवसापासून पुरेशी प्रथिनं दिली, काहींची तोडून हळूहळू वाढवली. गुंगी उतरण्यात फरक पडला नाही. तोडलेल्यांच्या शरीरातली प्रथिनं मात्र जास्त झिजली. आणि झीज होते ती स्नायूंची. यकृत थकलं की अमोनिया पकडून त्याचं ग्लुटामिन करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर स्नायूंवर येतं. म्हणजे धोका टाळायला केलेलं पथ्यच धोका वाढवत होतं. आज बारीक झालेले दंड आणि मांड्या हे जोखमीचं लक्षण मानतात.

अशा झटक्याची बाकीची कारणं वॉर्डात रोज भेटतात: बद्धकोष्ठ, अन्ननलिकेतला रक्तस्राव, पोटातल्या पाण्यात झालेला संसर्ग, लघवीच्या गोळ्यांनी घसरलेलं सोडियम-पोटॅशियम, आणि जागरणावर उपाय म्हणून कुणीतरी दिलेली झोपेची गोळी. ती तर नकोच. एकदा झटका येऊन गेला की पुढचा येण्याचा धोकाही मोठा. दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातल्या २००९ च्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी लॅक्टुलोज न घेणाऱ्या ६४ जणांत ३० जणांना पुन्हा झटका आला, घेणाऱ्या ६१ जणांत १२ जणांना. पोट साफ ठेवणारं ते गोड, चिकट औषध १९६६ पासून या आजारात वापरात आहे.

२०१४ च्या अमेरिकी-युरोपीय मार्गदर्शक सूचना वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. वाटीभर वरणातून मिळतात जेमतेम सात-आठ.