नाताळच्या सुट्टीचं डोक्यातलं ओझं

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की जयपूरच्या मालवीय नगरात थंडी आणि पाहुणे हातात हात घालून येतात. जवाहरलाल नेहरू मार्गावरचं वर्ल्ड ट्रेड पार्क आणि गौरव टॉवर रोषणाईने आणि नाताळच्या झाडांनी सजतात. राजस्थानातल्या शाळांची हिवाळी सुट्टी साधारण २५ डिसेंबरला लागते. त्याच सुमारास पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे नातेवाईक सांगानेरच्या विमानतळावर नाहीतर दुर्गापुरा स्टेशनावर उतरू लागतात, कारण आमेर, हवामहल आणि जंतरमंतर पाहायला यापेक्षा बरी हवा वर्षात दुसरी नाही. ज्यांच्या घरी नाताळ हा सणच आहे, त्यांची तर २४ च्या रात्रीची प्रार्थना, केक, दुसऱ्या दिवशीचं जेवण आणि भेटीगाठी अशी वेगळीच धांदल. आणि याच दिवसांत पौष लागतो, म्हणजे गल्लोगल्लीच्या देवळांतून पौषबड्याची, म्हणजे सामूहिक जेवणाची, आमंत्रणं येतात.

नोकरीनिमित्त इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या वाट्याला हे सगळं एकत्र येतं. पाहुणे हवेसे असतात, घर भरल्याचा आनंद खरा असतो, आणि तरीही २ जानेवारीला गाडी सुटल्यावर घरातली एक व्यक्ती अशी काही गळून जाते की दोन दिवस तिला कुणाशी बोलावंसं वाटत नाही. ती व्यक्ती बहुतेक घरांत कोण असते, हे सांगायला नको. तिने केलेल्या स्वयंपाकाचा आणि धावपळीचा हिशेब मांडला तर दमणूक पुरेशी उलगडत नाही. तितकंच काम तिने दिवाळीआधीच्या साफसफाईतही केलेलं असतं, पण तेव्हा इतका थकवा आलेला नसतो. मग हा थकवा येतो कुठून?

मानसिक ताणाचा शरीरातला मार्ग आता बराच नीट माहीत आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो, आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. कॉर्टिसॉल हे काही विष नाही. सकाळी जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात त्याची पातळी सगळ्यात वर जाते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते. त्याच्याच जोरावर आपण दिवसाला भिडतो. प्रश्न असा आहे की कुठल्या कामांनी ते नको तितकं वाढतं. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या संशोधकांनी २००४ साली प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नुसतं अवघड काम दिल्याने कॉर्टिसॉल फारसं वाढत नव्हतं. ते सर्वांत जास्त वाढत होतं ते दोन गोष्टी जुळून आल्या की: आपलं काम कुणीतरी जोखतंय असं वाटणं, आणि त्याचा शेवट आपल्या हातात नसणं.

पाहुण्यांचं घर याच दोन गोष्टींनी भरलेलं असतं. सासरची मंडळी पहिल्यांदाच जयपूरचं घर बघणार असतात. धुक्यामुळे गाडी किती तास उशिरा येईल ते कुणाला ठाऊक नसतं. गीझर एक आणि अंघोळीला सात माणसं. आमेरला निघायचं ठरलं आठला, आणि दहा वाजले तरी काकांचा चहा चाललेला. यातलं एकेक काम क्षुल्लक आहे. पण प्रत्येकाचा शेवट दुसऱ्याच्या हातात आणि बोल मात्र यजमानीणबाईंवर, ही जोडी शरीराला दिवसभर सावध ठेवते.

याला जोडून एक काम असं आहे जे घड्याळाने मोजताच येत नाही. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटं, असं आढळलं. हा आकडा केर, स्वयंपाक, धुणी यांचा. वन्संना साखर चालत नाही हे लक्षात ठेवणं, कुणाच्या शेजारी कुणाची गादी घालायची नाही हे ओळखणं, भाच्याला स्वेटर घेतला तर पुतणीला काय, याचा विचार करणं, या कामांना मिनिटं लावणार कशी? मानववंशशास्त्रज्ञ मिकाएला डी लिओनार्दो यांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास मांडला, तेव्हा सणाची शुभेच्छापत्रं, भेटी, जेवणावळी आणि नातेवाइकांची विचारपूस हे सगळं खरंखुरं काम आहे आणि ते जवळजवळ पूर्णपणे बायकांकडे आहे, हे त्यांनी ठामपणे लिहिलं. २०१९ मध्ये ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांशी बोलून या डोक्यातल्या कामाचे चार भाग पाडले: गरज आधीच हेरणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि ठरलेलं झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक जोडपी मिळून घेत होती. आधी हेरणं आणि नंतर लक्ष ठेवणं हे दोन्ही मुख्यतः बायकोकडे होतं.

म्हणून 'काही लागलं तर सांग, मी करतो' या नवऱ्याच्या वाक्याने ओझं हलकं होत नाही. हातातलं काम तो घेतो. काय लागेल हे शोधण्याचं आणि वेळेवर सांगण्याचं काम तिच्याकडेच राहतं. काम वाटायचं तर अख्खं वाटायला हवं. पाहुण्यांची ने-आण ज्याच्याकडे, गाडीला किती उशीर आहे ते बघणं, टॅक्सी सांगणं, आजींना जिना चढता येईल का याचा विचार करणं, सगळं त्याच्याकडे. त्याने ते थोडं वेगळ्या रीतीने केलं तर तसंच चालू द्यायचं. हे बोलायला सोपं आणि करायला कठीण आहे, पण मला यासारखा दुसरा परिणामकारक उपाय दिसत नाही.

दुसरी अडचण आपल्या अंदाजांची. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की आपल्याच कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस सतत कमी बांधतो, मागचा अनुभव समोर असतानाही. कॅनडातले रॉजर ब्यूलर आणि सहकारी यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात ५५ लागले. पुढे ब्यूलर आणि डेल ग्रिफिन यांनी हाच प्रश्न थेट नाताळच्या खरेदीला लावला. खरेदीची तपशीलवार योजना मनात रंगवणाऱ्यांना ती लवकर उरकेल असं वाटलं, पण प्रत्यक्षात ती इतरांपेक्षा लवकर उरकली नाही. सगळं सुरळीत पार पडल्याचं चित्र रंगवलं की अडथळे त्या चित्रात येतच नाहीत.

जस्टिन क्रुगर आणि मॅट एव्हन्स यांनी २००४ मध्ये यावर एक साधी युक्ती तपासली, आणि तीही सणाच्या खरेदीवर. ज्यांना अंदाज सांगण्याआधी कामाचे सगळे तुकडे लिहून काढायला लावले, त्यांचे अंदाज लांबले आणि वास्तवाच्या जवळ आले. मालवीय नगरातल्या घरात 'पाहुण्यांच्या झोपण्याची सोय' हे यादीत एका ओळीचं काम दिसतं. आता ते फोडून बघा. माळ्यावरच्या रजया काढायच्या. त्यांना ऊन द्यायचं. खोळी धुवायच्या आणि डिसेंबरच्या थंडीत त्या वाळायची वाट पाहायची. एक गादी कमी पडते ती शेजाऱ्यांकडे मागायची. लहान मूल अंथरूण ओलं करील म्हणून मेणकापड आणायचं. २२ डिसेंबरच्या आसपास जयपूरचा दिवस साडेदहा तासांचाही भरत नाही, आणि गच्चीवर रजई तापवणारं ऊन त्यातले जेमतेम चार-पाच तास. म्हणजे एका दिवसात उरकू असं वाटणारं हे काम मुळात तीन दिवसांचं आहे. हे आठवडाभर आधी कागदावर दिसलं तर ते काम राहतं. आदल्या रात्री दिसलं तर त्याचं संकट होतं.

कागदाचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याची कथा बर्लिनमध्ये सुरू होते. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये लिहिलं की अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. स्मरणाबद्दलचं हे निरीक्षण नंतरच्या प्रयोगांत नेहमी टिकलं नाही. पण त्यांच्याच गटातल्या मारिया ओव्हसियांकिना यांनी दाखवलेली गोष्ट, की मधेच तुटलेलं काम पुरं करण्याची ओढ मनाला लागून राहते, ती भक्कम ठरली. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांनी त्यात मोलाची भर घातली. अर्धवट कामाचे विचार मधेमधे घुसून लक्ष विचलित करतात; मात्र ते काम कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरवलं की, काम पुरं झालेलं नसतानाही, ही घुसखोरी थांबते. मेंदूला काम पुरं होण्याची हमी लागत नाही, त्याची वेळ पक्की झालेली पुरते.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी हे झोपेच्या बाबतीत पडताळलं. त्यांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. ५७ ही संख्या छोटी आहे आणि ती माणसं तरुण होती, तेव्हा यावर फार मोठा इमला उभारू नये. तरी पाच मिनिटं आणि एक पेन यापलीकडे यात खर्च काहीच नाही, आणि पाहुण्यांच्या आठवड्यात पहिली चोरी होते ती झोपेचीच.

घर कसं दिसतं याचाही यात वाटा आहे. लॉस एंजेलिसमधल्या ३० नोकरदार जोडप्यांना डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी आपापल्या घरात फिरून घराचं वर्णन करायला लावलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट कामं पुन्हापुन्हा येत होती, त्यांचं कॉर्टिसॉल दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तितका दिसला नाही. पसारा दोघांच्याही डोळ्यांसमोर तोच होता. तो आपण आवरायचा आहे असं बहुधा एकीलाच वाटत होतं. सात माणसांच्या बॅगा दिवाणखान्यात उघड्या पडणारच. त्या आवरणं हे बॅगवाल्यांचं काम, हे पहिल्याच संध्याकाळी मोकळेपणाने सांगून टाकलं तर कुणी रागावत नाही.

जयपूरकरांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला आहे, हे पौषबड्याला गेलं की दिसतं. देवळाच्या आवारात मोठ्या कढया चढतात, डाळीचे गरमागरम बडे तळले जातात, शिऱ्याचा घाणा उतरतो, आणि येईल त्याला पंगतीत बसवलं जातं. वर्गणी, सामान, तळण, वाढप अशी कामं वाटलेली असतात. शेकडो माणसं जेवतात आणि कुणा एकीच्या डोक्यावर सगळी पंगत बसत नाही. आपल्याकडे वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या नेवऱ्या करायला बायका एकत्र बसतात, तिथेही हेच. काम कमी होत नाही, पण जोखणारी नजर नाहीशी होते, कारण सगळ्यांचेच हात पिठाचे. मालवीय नगरात दोन-तीन मराठी घरांत एकाच आठवड्यात पाहुणे असतील, तर एका रात्री सगळ्यांचं जेवण एकत्र करावं असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक घरी सगळं वेगळं रांधण्यापेक्षा ते पोरांनाही जास्त आवडतं.

भेटवस्तूंवर फार वेळ घालवू नये. टिम कॅसर आणि केनन शेल्डन यांनी २००२ मध्ये ११७ जणांना त्यांचा नाताळ कसा गेला ते विचारलं. कुटुंबाबरोबरचा वेळ आणि धार्मिक विधी यांना ज्यांच्या सणात मोठी जागा होती ते अधिक समाधानी होते; खर्च आणि वस्तू ज्यांच्या सणाच्या केंद्रस्थानी होत्या ते कमी. दर वर्षी ठरलेली एखादी रीत, मग ती गच्चीवर गजक खात पत्ते खेळण्याची का असेना, खरेदीच्या एका संध्याकाळपेक्षा बरी.

ज्येष्ठांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या २ लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली गेली. अभ्यास २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. नाताळच्या आदल्या दिवशी झटक्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा ३७ टक्के जास्त होतं, आणि सगळ्यात जास्त रात्री दहाच्या सुमाराला. पंच्याहत्तरी ओलांडलेले, मधुमेही आणि आधीच हृदयविकार असलेले यांना धोका अधिक. ईस्टरच्या सुट्टीत असं काही आढळलं नाही. भावनांची उलथापालथ, जड जेवण, प्रवास, थंडी, यांपैकी कशाचा किती भाग ते या नोंदींवरून सांगता येत नाही. पण जयपूरला डिसेंबरअखेर पहाटेचं तापमान ८ अंशांच्या आसपास असतं, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. मुंबईच्या हवेतून आलेल्या आजोबांना दुसऱ्याच सकाळी आमेरचा चढ चढायला लावू नये. ऊन वर आल्यावर निघावं, गोळ्यांची डबी हातातल्या पिशवीत असावी, आणि रात्रीचं जेवण आठच्या आत उरकावं.

यातही तीच जोखणारी नजर आडवी येते. सगळे आनंदात आहेत, आपल्यामुळे रंगाचा बेरंग नको, म्हणून छातीतली कळ, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारं दुखणं, अचानक फुटलेला घाम, हे सगळं वडीलधारी माणसं अपचनावर ढकलून गप्प राहतात. म्हणून पाहुणे आले त्याच संध्याकाळी घरातल्या एका माणसाने हे काम आपल्याकडे घ्यावं: कोण कुठल्या गोळ्या घेतं ते लिहून ठेवायचं, रात्री उघडं असणारं जवळचं रुग्णालय कुठलं ते माहीत करून घ्यायचं, आणि आजी-आजोबांना आपणहून सांगायचं की रात्री दोन वाजता उठवलंत तरी चालेल. कळ आलीच, तर पाहुण्यांच्या गाडीची किल्ली शोधत बसू नये, १०८ ला फोन लावावा.