४१ म्हणजे नेमके काय?

बारावीच्या संगणकशास्त्रात ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे अभ्यासला. घाटकोपर-मुलुंड असो की अंधेरी-बोरिवली, प्रयोगाची रीत तीच. आज्ञा असेंब्ली भाषेत वहीत लिहायची, तक्त्यातून तिचा षोडशमान आकडा शोधायचा आणि तो संचाच्या स्मृतीत भरायचा. याच्या उलट काम, म्हणजे स्मृतीतील आकड्यांवरून आज्ञा लिहून काढणे, जे साधन करते ते डिसअसेंबलर.

जुन्या संगणकांसाठी हे साधन फार मोलाचे आहे. त्यांच्या कितीतरी आज्ञावल्यांचे मूळ लिखाण हरवले; फ्लॉपीवर किंवा चिपमध्ये उरले ते नुसते बाइट. तक्ता उलटा वाचला की झाले, असे आपल्याला वाटेल. मग अशी साधने वापरणारे लोक सतत नव्या सोयी का मागत असतात?

समजा, स्मृतीत ४१ हा आकडा आहे. तो दशमान ६५ असू शकेल. तो इंग्रजी ‘ए’ अक्षराचा संकेतही आहे. आणि ८०८५ साठी ती ‘मूव्ह बी, सी’ ही आज्ञा आहे! गंमत अशी की इंग्रजीतील सगळी मोठी अक्षरे ८०८५ च्या ‘मूव्ह’ आज्ञांच्या आकड्यांवरच पडतात. त्यामुळे ‘मुंबई’ इंग्रजीत लिहिले, तर ४डी ५५ ४डी ४२ ४१ ४९ हे बाइट सहा निर्दोष आज्ञा म्हणून वाचता येतात. बाइटवर ‘मी अक्षर आहे’ असा शिक्का नसतो.

दुसरी अडचण सुरुवातीची. ३ए ५० २० ४७ ७६ हे बाइट पाहा. पहिल्यापासून वाचले तर ‘एलडीए २०५०’, ‘मूव्ह बी, ए’ आणि ‘हॉल्ट’. एक बाइट सोडून वाचले तर ‘मूव्ह डी, बी’, ‘रिम’ आणि पुढे पुन्हा ‘मूव्ह बी, ए’, ‘हॉल्ट’. चूक दोन आज्ञांनंतर आपोआप विरून गेली, म्हणूनच ती सहज सापडत नाही. वर्गात फळ्यावर करून पाहण्याजोगे हे उदाहरण आहे.

साहजिकच पहिली मागणी येते ती ‘आज्ञा कोणत्या आणि माहिती कोणती, हे आपोआप ओळखा’ अशी. आरंभापासून प्रत्येक उडीचा माग काढत गेले तर बरेच साधते. पण ‘पीसीएचएल’ या आज्ञेपाशी माग तुटतो, कारण पुढचा पत्ता एचएल या जोडीत असतो आणि तो बहुधा आज्ञावली चालतानाच ठरतो. ट्युरिंगने १९३६ साली जे सिद्ध केले, त्यावरून असेही निघते की हा प्रश्न सर्व आज्ञावल्यांसाठी अचूक सोडवणारी रीत असूच शकत नाही. म्हणून मला दुसरी मागणी अधिक शहाणपणाची वाटते: ‘मी सांगतो, तुम्ही लक्षात ठेवा.’ इथून इथपर्यंत मजकूर, हा तक्ता, या पत्त्याला हे नाव, अशा नोंदी वेगळ्या फाइलीत राहिल्या, तर आज थांबलेले वाचन उद्या पुढे नेता येते.

काही मागण्या विशिष्ट यंत्रापुरत्या असतात. १९८४ साली भारतातील सुमारे २५० शाळांपासून ‘क्लास’ हा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यात बीबीसी मायक्रो हे संगणक होते. त्यांचा प्रक्रियक ६५०२. त्यात शून्य म्हणजे ‘ब्रेक’ ही आज्ञा. पण बीबीसीवर तिच्यामागोमाग त्रुटीचा क्रमांक, मग संदेशाची अक्षरे आणि शेवटी पुन्हा शून्य, अशी प्रथा होती. केवळ ६५०२ जाणणारे साधन तो संदेश आज्ञा समजून वाचत सुटते. प्रथा माहीत असलेल्यानेच हे सांगावे लागते. तसेच एफएफईई या पत्त्याऐवजी ‘पडद्यावर अक्षर लिही’ या कामाचे नाव दिसले, तर वाचणाऱ्याचे निम्मे श्रम वाचतात.

एक मागणी मात्र कोणत्याही यंत्रासाठी मान्य व्हावी. साधनाने काढलेले लिखाण पुन्हा असेंबल केल्यावर मूळचेच बाइट, एकही न बदलता, मिळाले पाहिजेत. अर्थात ‘मुंबई’चे सहा ‘मूव्ह’ झाले तरी या कसोटीत ते उत्तीर्ण होतात. अर्थ बरोबर लागला की नाही, हे तिला कळत नाही.

विद्यार्थ्यांना अशा साधनाच्या कर्त्याला लिहायचे असेल, तर ‘नीट चालत नाही’ एवढेच कळवू नये. पत्ता कोणता, तिथले आठ-दहा बाइट कोणते, साधनाने काय दाखवले आणि काय दिसायला हवे होते, हे लिहावे. आपल्याला ते कशावरून कळले, तेही लिहावे. कर्त्याला सर्वाधिक उपयोग बहुधा त्याच ओळीचा होतो.