लॅपटॉप तापून बंद पडतोय? मदरबोर्ड बदलण्याआधी जाळी बघा

अकोला : अकोट तालुक्यातल्या एका गावातली मे महिन्यातली गोष्ट. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा सुट्टीत घरी आला होता. कापसाचा चुकारा आला तेव्हा वडिलांनी त्याला गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला होता. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर अडकतं, म्हणून हा घेतला. गेम खेळायला मिळतो हा पोराचा फायदा वेगळा. गावी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लॅपटॉपने त्रास द्यायला सुरुवात केली. दुपारी लावला की पंखा थ्रेशरसारखा ओरडायचा, गेम अडकत चालायचा आणि वीस मिनिटांत स्क्रीन काळी. अर्ध्या तासाने परत सुरू होई, परत तेच. कॉलेजचा प्रोजेक्ट जमा करायला नऊ दिवस उरले होते आणि तो पूर्ण त्याच मशीनमध्ये होता.

तालुक्याच्या एका दुकानात दाखवला तर मदरबोर्ड गेला, अठरा हजार लागतील असं सांगितलं. पेरणी तोंडावर असताना अठरा हजार म्हणजे बियाण्याचे आणि खताचे पैसे. वडिलांना ते पटलं नाही. ट्रॅक्टर गरम झाला म्हणून कोणी आधी इंजिन बदलत नाही, रेडिएटर बघतो, एवढाच त्यांचा हिशोब. दुसऱ्या ठिकाणी समोर बसून लॅपटॉप उघडून घेतला. पंख्याच्या तोंडाशी कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला. घराच्या पुढच्या खोलीत भाव वाढायची वाट बघत कापूस पडला होता आणि त्याच खोलीत हा लॅपटॉप चालायचा. साफसफाई आणि नवी पेस्ट धरून खर्च हजाराच्या आत आला.

असे लॅपटॉप आता खेड्यापाड्यात बरेच झाले आहेत. कोणी व्हिडीओ एडिटिंग करतो, कोणी लग्नाचे अल्बम, कोणी नुसता गेम. उन्हाळ्यात या सगळ्यांची तक्रार एकच असते, म्हणून तो का तापतो हे एकदा समजून घेतलेलं बरं.

एवढी उष्णता येते कुठून?

लॅपटॉपच्या चार्जरवरचं लेबल वाचा. साध्या लॅपटॉपचा चार्जर 45 किंवा 65 वॅटचा असतो. गेमिंगवाल्याचा 180, 230, काहींचा त्याहून जास्त. मशीनमध्ये जेवढी वीज जाते ती जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. म्हणजे जुन्या काळचे शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब एका पाटीएवढ्या डब्यात कोंडून लावल्यासारखं आहे. यातली बहुतेक उष्णता दोन चिप तयार करतात, एक प्रोसेसर आणि दुसरं ग्राफिक्स कार्ड. दोन्ही मिळून हाताच्या तळव्यात मावतील एवढ्याच.

ही उष्णता बाहेर काढायची सोय साधी आहे. चिपवर पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याच्या चपट्या नळ्या. नळीच्या आत थोडासा द्रव असतो. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती गार होऊन परत द्रव होते, आणि या फेऱ्यात उष्णता पलीकडे पोचते. तिथे बारीक पत्र्यांची जाळी असते, ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखी, फक्त बोटाएवढी. छोटा पंखा खालून हवा ओढतो आणि त्या जाळीतून बाहेर फेकतो. हरभरा काढताना रेडिएटरच्या जाळीत भुसा बसला की काटा लाल रेघेकडे जातो, तेच इथं होतं. भुशाच्या जागी धूळ, कापसाचे तंतू आणि गोधडीचा लव.

वरून हा पंखा खोलीतलीच हवा वापरतो. खोली जेवढी गरम, चिप साधारण तेवढीच आणखी गरम. पुण्याच्या होस्टेलवर 28 अंशात जी चिप गेम खेळताना 80 वर असते, ती इथं पत्र्याच्या खोलीत 42 अंशात 94 च्या आसपास जाणार. लॅपटॉप तोच, गेम तोच. बऱ्याच कंपन्या माहितीपुस्तकात वापरायचं तापमान 35 अंशापर्यंतच देतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर असतो, म्हणजे दुपारी लॅपटॉप लावला की तो कंपनीने आखलेल्या हद्दीच्या बाहेरच चालतो.

बंद पडला म्हणजे बिघडला नाही

मोटारीच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. लोड वाढला की तो पडतो आणि मोटार जळायची वाचते. लॅपटॉपमध्येही तशीच सोय आहे. प्रोसेसर साधारण 95 ते 105 अंशांच्या हद्दीला टेकला (चिपप्रमाणे आकडा बदलतो) की तो स्वतःचा वेग कमी करतो. ग्राफिक्स कार्डची हद्द बहुतेक वेळा याहून थोडी खाली असते. म्हणून गेम सुरुवातीची दहा मिनिटं छान चालतो आणि मग अडकायला लागतो. वेग कमी करूनही भागलं नाही तर मशीन स्वतःला बंद करतं. लोकांना वाटतं मेला, पण त्याने स्वतःला वाचवलेलं असतं. थंड झाल्यावर नीट सुरू होत असेल तर मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्याला आधी लॅपटॉप उघडून जाळी दाखवायला सांगा.

फॉर्मेट मारणं हा आपल्याकडचा दुसरा आवडता उपाय. विंडोज नवीन टाकल्याने जाळीतली धूळ निघत नाही, फक्त फोटो जातात.

तापमान हाताने अंदाजून उपयोग नाही, आकडा बघा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जीपीयू लिहिलं असतं तिथं ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं. प्रोसेसरसाठी लॅपटॉपच्या कंपनीचं स्वतःचं अॅप बघा, किंवा एचडब्ल्यूमॉनिटर हे फुकटचं सॉफ्टवेअर. जड गेम चालू असताना 80 ते 90 दिसलं तर घाबरायचं कारण नाही, गेमिंग लॅपटॉप त्यासाठीच बनवलेला असतो. काहीच चालू नसताना नुसता उघडा ठेवून 75-80 दाखवत असेल, तर मात्र जाळी बुजली, पंखा थांबला किंवा पेस्ट वाळली असं समजा.

पैसे न घालता काय होतं

सगळ्यात आधी लॅपटॉप खाट, गादी, उशी, गोधडी यांवरून उचला. हवा ओढायची भोकं बहुतेक गेमिंग लॅपटॉपला खालून असतात. मऊ जागेवर ठेवला की ती बुजतात आणि पंखा कितीही फिरला तरी त्याला हवाच मिळत नाही. लाकडी पाट किंवा टेबल घ्या आणि मागची बाजू बोटभर वर उचला. खालची भोकं मोकळी राहतील असं काहीही चालतं. भिंतीला मागची बाजू चिकटवू नका, गरम हवा तिथूनच बाहेर पडते.

खोलीतला कुलर हा आपल्याकडे मोठा आधार, पण लॅपटॉप त्याच्या तोंडासमोर ठेवू नका. कुलरच्या हवेत ओल असते, गवताची ताटी जास्त भिजली की थेंबही उडतात. वीज आणि पाणी एकत्र आलं की मग खरोखर मदरबोर्ड जातो. कुलरने खोली गार होऊ द्या, लॅपटॉप बाजूला ठेवा. ओलं फडकं खाली घालणं, बर्फाची पिशवी ठेवणं, फ्रिजमध्ये ठेवून काढणं हे प्रकार करूच नका. गार डब्यातून काढलेल्या स्टीलच्या ग्लासाला जसं बाहेरून पाणी सुटतं तसं ते लॅपटॉपला आतून सुटतं.

गेममध्ये फ्रेमची मर्यादा लावायची सोय असते. ती 60 वर ठेवली तर ग्राफिक्स कार्ड फुकट राबत नाही. शेतातल्या कामाच्या भाषेत, रिकामी ट्रॉली ओढायला फुल्ल रेस कशाला? आणखी एक युक्ती विंडोजमध्येच आहे. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं अॅडव्हान्स्ड सेटिंग, मग प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट 100 असतो, तो 99 करा. एक टक्क्याने काय होतं असं वाटेल, पण बऱ्याच लॅपटॉपवर त्याने प्रोसेसरची टर्बो म्हणजे जादा पळायची सवय बंद होते आणि तापमान चांगलंच उतरतं. वेग थोडा कमी होतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, तिथं कंपनीच्या अॅपमध्ये सायलेंट किंवा बॅलन्स्ड मोड निवडा.

व्होल्टेजला दोष देणारेही पुष्कळ आहेत. बहुतेक चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे लाईन 170 वर आली तरी लॅपटॉप त्याने तापत नाही. चार्जर मात्र जास्त गरम होतो, त्याला गादीखाली किंवा कपड्यांत दाबून ठेवू नका. चार्जर बदलावा लागला तर वॅट जुळवूनच घ्या. 180 च्या जागी 65 वाला लावला तर मशीन रडतखडत चालतं आणि दोष भलत्यालाच लागतो.

साफसफाई : पंक्चरच्या दुकानात नको

टायरमध्ये हवा भरायच्या कंप्रेसरने लॅपटॉपमध्ये हवा मारणं तालुक्याच्या गावात सर्रास चालतं. त्या टाकीच्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि दाब एवढा की छोटा पंखा त्याच्या ताकदीबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं. हाताने धरायचा छोटा ब्लोअर किंवा हवेचा डबा चालतो, पण लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, आणि पंख्याच्या पात्यात दात कोरायची काडी अडकवून, म्हणजे पंखा फिरणार नाही. बाहेर पडायच्या जाळीतून थोडी-थोडी हवा मारा. धूळ नुसती बसलेली असेल तर एवढ्याने निघते. नमदा झाला असेल तर तो आतच फिरतो, तेव्हा उघडणंच भाग आहे.

उघडण्याआधी वॉरंटी बघा. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातच न्या, भले अकोला किंवा अमरावतीची चक्कर पडो. संपली असेल तर माहितगार माणसाकडे, आणि समोर बसून. पेस्ट दोन-तीन वर्षांत वाळते, ती बदलून घ्या. एक गोष्ट विचारायचीच : या मॉडेलमध्ये लिक्विड मेटल आहे का? काही महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टच्या जागी पातळ धातू असतो. त्याचा थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतं. ज्याला हा शब्द माहीत नाही त्याच्या हातात तसं मशीन देऊ नका.

खाली पंखे असलेला कूलिंग पॅड घ्यावा का, हाही प्रश्न येतो. थोडा फरक पडतो, पण बुजलेल्या जाळीवर पॅडचा काही इलाज चालत नाही. आधी साफसफाई, मग पॅड.

इथं मात्र थांबायचं

या सगळ्या तक्रारीत खरा धोका बॅटरीचा. उष्णता आणि दिवसभर 100 टक्के चार्जिंग या दोन्हींनी लिथियमची बॅटरी लवकर खराब होते, कधी फुगते. टचपॅड वर आला, तो दाबला जात नाही, खालचं झाकण फुगलं, लॅपटॉप टेबलावर डुलतो, गोडसर किंवा जळका वास येतो, यातलं काहीही दिसलं तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि परत लावू नका. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, उकिरड्यावर किंवा चुलीत टाकायची नाही. ती पेटते. काढायचं काम दुकानदाराचं. तोवर मशीन कापूस, कडबा, गादीपासून लांब, फरशीवर ठेवा. ज्या घरात कापूस साठवलेला आहे तिथं हे विसरून चालत नाही. रात्रभर खाटेवर चार्जिंगला लावून झोपायची सवयही सोडा. बऱ्याच कंपन्यांच्या अॅपमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे, लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर ती सुरू करा.

अकोट तालुक्यातल्या त्या घरी आता लॅपटॉप मागच्या खोलीत, लाकडी पाटावर असतो. मागच्या बाजूला ठिबकच्या नळीचे दोन तुकडे आडवे लावलेत. प्रोजेक्ट वेळेत जमा झाला. गेम रात्री नऊनंतर, हा नियम वडिलांचा. कापूस अजून पुढच्या खोलीतच आहे, भाव काही वाढला नाही.